नळीवरचा अंगठा

आमच्या कुडाळच्या घरातली बाराबोअरची दुनळी बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहे, म्हणजे तिने वानरांना धाक दाखवावा आणि प्रत्येक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होऊन बसावे. लोकसभेची आचारसंहिता संपून २०२४ च्या जूनमध्ये ती घरी परतली, तेव्हा आजोबांच्या वेळची निळसर काळी नळी तांबूस झाली होती आणि ब्लूइंग, म्हणजे नळीला पुन्हा तो निळसर काळा थर चढवणे, घरीच करण्याची दुर्बुद्धी मला झाली.

एका जाणकाराने बजावले की, दुनळी कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात घालू नये. तिच्या नळ्या शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक तो डाकच खाते. तेव्हा जुनी रीत आली. नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, तोंडांना लाकडी बुचे मारायची, जुना गंज घासून काढायचा, तेलाचा अंशही उरू न देता गंज आणणारे द्रावण पुसायचे आणि दमट हवेत नवा गंज चढू द्यायचा. मग डिस्टिल्ड पाण्यात उकळले की तांबडा गंज काळा होतो, तो स्टीलवूलने हलकेच घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असे सहा-सात वेळा.

"आधी काढलास, आता आणतोस. गंज चांगला की वाईट, ते एकदाचे ठरव," आई म्हणाली.

दमट पेटी करावी, असाही सल्ला होता. पण आषाढात आमचे सबंध घरच ती पेटी असते. अडचण झाली ती भांड्याची. नळी तीस इंच लांब आणि घरातली झाडून सारी पातेली गोल! शेवटी वेल्डिंगवाल्याकडून स्टीलची पन्हळ करून घेतली. डिस्टिल्ड पाणी म्हणून बॅटरीच्या पाण्याचे कॅन उचलताना दुकानदाराने, "ट्रक घेतलात काय?" असे आदराने विचारले.

नळीला कोणी बोट लावायचे नाही, असा दंडक मी घरात घातला. मांजरालाही तो दोनदा ऐकवला. सातव्या खेपेला नळी मखमलीसारखी काळी निघाली, फक्त मागच्या टोकाशी एक फिकट अंगठा रेषान् रेषा उमटला होता, कारण तेल असेल तिथे गंज धरत नाही. घरातल्या प्रत्येकाचा अंगठा मी भिंगाखाली पाहिला. शेवटी आईने आठवण करून दिली की, त्या दुपारी तळलेल्या बांगड्यावरून मधेच उठून नळी बघायला कोण गेले होते.

ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. ठाण्यात हवालदारांनी नंबर ताडून पाहिला, नळी उजेडात फिरवली आणि गंभीरपणे विचारले, "परवान्यावर तर तुमची सही आहे. मग अंगठा बंदुकीवर कशाला उठवलात?"