हेल्पर क्लासला लॉग फाइल उघडायला लावू नका

'जावा हेल्पर क्लाससाठी लॉगिंगचे ४ मंत्र' हा फॉरवर्ड सध्या कॉलेजच्या ग्रुपांवर फिरतोय. लॉगिंग म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय घडलं याच्या नोंदी ठेवणं, आणि हेल्पर म्हणजे बाकीच्या कोडला मदत करणारा छोटा क्लास. फॉरवर्डचं म्हणणं असं: प्रिंटलाइन (स्क्रीनवर ओळ छापणारी आज्ञा) पुरे, नाहीतर हेल्परने कन्स्ट्रक्टरमध्येच (तो तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) फाइलहँडलर (नोंदी फाइलीत लिहिणारा भाग) जोडून 'स्वयंपूर्ण' व्हावं, लॉगिंगने प्रोग्रॅम मंदावतो, लॉगिंगच्या लायब्ररी धोक्याच्या. माझ्या भाचीने त्यातला नमुना देवगडच्या एका आंबा बागायतदाराच्या बिलांच्या प्रोग्रॅममध्ये जसाच्या तसा चिकटवला. "मामा, सगळे हेच वापरतात," म्हणे. म्हणून हे लिहितोय.

आधी दुसरा मंत्र, कारण खरं नुकसान तोच करतो. तिचा हेल्पर दर बिलाला नव्याने तयार होतो. लॉगर (ज्याच्याकडे नोंदी दिल्या जातात तो) स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच, पण हँडलर दर वेळी नवा. पहिल्या बिलाला 'बिल.लॉग', दुसऱ्याला 'बिल.लॉग.१', तिसऱ्याला 'बिल.लॉग.२', आणि प्रत्येकीला चिकटून एक 'एलसीके' फाइल, म्हणजे 'ही वापरात आहे' सांगणारं कुलूप. वर प्रत्येक नवी नोंद उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींत जाते. फाइलहँडलरच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलंय: फाइल आधीच वापरात असेल तर नावापुढे टिंब देऊन वेगळा आकडा लागतो. हा आकडा शंभराच्या पुढे गेला की कुलूप मिळालं नाही म्हणून आयओएक्सेप्शन, म्हणजे फाइल हाताळण्यातली चूक. ऐन मे महिन्यात शंभर बिलं व्हायला कितीसा वेळ लागतो?

त्यात नमुन्यात अपेंडसाठी (जुन्या नोंदींपुढे जोडत जाण्यासाठी) 'ट्रू' दिलेलंच नाही. दुपारी लाईट गेली, पीसी बंद पडला, की कुठलं बिल अडलं ते पाहायला लॉग हवा. पण प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की पहिली फाइल कोरी! असला सल्ला पोरांना देताना कुणी तो एकदा तरी चालवून पाहिला होता का?

हेल्परमध्ये लॉगिंगची तयारी एका ओळीची: क्लासच्या नावाने 'गेटलॉगर'मधून लॉगर घ्या आणि 'प्रायव्हेट स्टॅटिक फायनल' ठेवा. फाइल कुठली, पातळी (किती महत्त्वाच्या नोंदी ठेवायच्या) कुठली, हे 'मेन' असलेल्या, म्हणजे जिथून सुरुवात होते त्या, प्रोग्रॅमने प्रॉपर्टीज (सेटिंग्जच्या) फाइलमधून ठरवावं. काहीच ठरवलं नाही तरी 'इन्फो' आणि त्यावरच्या नोंदी कन्सोलवर दिसतात. कन्सोलवर 'फाइन' (त्याखालची, बारीक तपशिलाची पातळी) हवं असेल तर लॉगर आणि हँडलर, दोघांचीही पातळी उतरवावी लागते. इथे निम्मे लोक अडकतात.

प्रिंटलाइनला वेळ नाही, क्लासचं नाव नाही, पातळी नाही. पुढे बोलायची गरज नाही.

मंदावण्याबद्दल थोडं मान्य करतो. बंद पातळीच्या नोंदीसाठीही प्लस लावून लांब मजकूर जोडत बसलात तर वेळ जातो. त्यावर जावा ८ पासून लॅम्डा (गरज पडली तरच चालणारा कोडचा तुकडा) देण्याची सोय आहे.

राहिला धोका. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे २ या लॉगिंगच्या लायब्ररीची त्रुटी, सीव्हीई-२०२१-४४२२८, भयंकर होती, यात वाद नाही. २.१४.१ किंवा त्याआधीची आवृत्ती कुठे उरली असेल तर आजच काढा. पण जेडीकेमधलं (जावाच्या मूळ संचातलं) लॉगिंग त्यात नव्हतंच. ते १.४ पासून, म्हणजे २००२ पासून जावासोबतच येतं, आणि या हेल्परला बाहेरची एकही जार (लायब्ररीची फाइल) लागत नाही.