“तुमच्यामुळं आमची वहिनी हट्टाला पेटलीय” : निपाणीच्या अक्कांना उत्तर

अक्का,

तुमचं वय मला माहीत नाही. प्रतिक्रियेखाली ‘निपाणीहून एक नणंद’ एवढंच लिहिलंत, म्हणून अक्का म्हणते. धाकट्या असाल तर चालवून घ्या. उत्तराला पाच दिवस लागले. पहिले दोन दिवस मी नुसती रागात होते. तिसऱ्या दिवशी माझाच लेख परत वाचला आणि राग निम्म्यावर आला.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगते. मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे, म्हणजे नसेचा निरोप स्नायूंपर्यंत नीट न पोचल्यानं ते लवकर थकतात असा आजार. गेल्या महिन्यात मी माझ्या बाळंतपणावर लिहिलं. त्यावर अक्का म्हणतात : लेख गोड गोड आहे. ‘नॉर्मल’ झाल्याची फुशारकी आहे. तुम्हाला बेळगाव तासाभरावर, खेड्यात बाई अडली तर तिथल्या नर्सबाईंना या आजाराचं काय कळतंय? आमच्या वहिनीला स्नायूंचा आजार आहे, घरात सगळे नको म्हणतायत, आणि ती तुमचा लेख दाखवून हट्ट करतेय. उद्या पोरालाही तेच झालं तर जबाबदार कोण?

फुशारकीचं आधी घेते, कारण तिथं तुम्ही मला पकडलंत. ‘नॉर्मल’ लिहिलं, पण शेवटी बाळ ओढून काढायला व्हॅक्यूम लावला होता हे गाळलं. का गाळलं? आमच्याकडं सिझर म्हटलं की बायका “अरेरे” म्हणतात आणि नॉर्मल म्हटलं की “शाब्बास”, आणि मला शाब्बास हवं होतं. गर्भाशयाचे स्नायू आपल्या हुकमातले नसतात, त्यांना या आजाराची झळ लागत नाही. त्यामुळं कळा माझ्याही व्यवस्थित आल्या. पण शेवटी जोर लावायचा तो पोटाच्या, छातीच्या स्नायूंनी, आणि ते माझे पंचवीस मिनिटांत संपले. संपले म्हणजे दमले असं नव्हे, मेंदू सांगतोय आणि खाली कोणी ऐकत नाही, असं. डॉक्टरांना हे होणार हे ठाऊक होतं, व्हॅक्यूम आधीच काढून ठेवलेला होता. पाठीतून वेदनाशमनाची नळीही लवकर घातली होती, ताकद उगाच कळा सोसण्यात जाऊ नये म्हणून. मायस्थेनियात सिझर केलंच पाहिजे असं नसतं. नेहमीच्या कारणांसाठीच करतात. एवढं सांगून हा विषय सोडते.

आता जे गाळायलाच नको होतं ते.

माझी मुलगी जन्मली तेव्हा चांगली रडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा आवाज बारीक झाला, मांजराच्या पिल्लासारखा. छातीला लावली की दोन वेळा ओढायची, थांबायची, आणि दूध नाकातून बाहेर. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “लेक आईवर गेलीय, आळशी आहे.” मी हसलेसुद्धा. सिस्टर हसल्या नाहीत. त्या बाळाच्या पापण्या बघत होत्या. माझ्या रक्तातली अँटिबॉडी वारेतून तिच्यात गेली होती. मायस्थेनिया असलेल्या आयांच्या शंभरातल्या दहा ते वीस बाळांना हा त्रास होतो, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. अकरा दिवस ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती, नळीनं दूध, आणि मी घेते तेच औषध थेंबाथेंबानं. मग आईची अँटिबॉडी बाळाच्या अंगातून ओसरत गेली आणि आजारही गेला. आता दुसरीत आहे, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

हे अकरा दिवस मी एका ओळीत उरकले होते : “बाळाला थोडे दिवस देखरेखीखाली ठेवलं.” तुम्ही गोड म्हणालात ते याला असेल, तर मान्य.

पण “पोरालाही तेच झालं तर” या तुमच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, आणि वहिनींचा सगळा प्रश्न तिथंच अडकलाय. तुम्ही ‘स्नायूंचा आजार’ लिहिलंत, नाव लिहिलं नाही. स्नायूंचा आजार ही नुसती आडनावाची पाटी झाली, घरात कोण राहतं ते त्यावरून कळत नाही. माझ्या आजारात नसेचा निरोप स्नायूला पोचतो त्या जागेवर शरीराचीच अँटिबॉडी हल्ला करते. हा आजार आईकडून पोरीला वारसा म्हणून जात नाही. बाळाला झाला तो पाहुणा होता.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, म्हणजे जनुकातून येणारा, स्नायू झिजवणारा आजार असेल तर गोष्टच वेगळी. त्यात प्रत्येक बाळाला आजार जाण्याची शक्यता निम्मी असते. आईकडून जाताना तो बाळात जन्मापासूनच तीव्र रूपात उतरू शकतो. आणि गर्भाशयही सुस्त पडतं, बाळंतपण लांबतं, नंतर रक्त जास्त जातं. कंबर-खांद्यांचे स्नायू झिजवणाऱ्या डिस्ट्रॉफीचे बरेचसे प्रकार असे, की सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच बाळाला होतात. मग नवरा कोण हे विचारावं लागतं. आपल्या भागात मामाच्या पोरीशी लग्न ही कौतुकाची गोष्ट. तुमचे भाऊ आणि वहिनी नात्यातले असतील तर गरोदर राहण्याआधी दोघांची जनुकीय तपासणी हवीच, मग घरचे काहीही म्हणोत. नाव कळल्याशिवाय तुमचं ‘नको’ आणि वहिनींचं ‘हवं’ दोन्ही अंदाजपंचे आहे.

आता नर्सबाई. इथं मात्र मी भांडणार.

२००२ ते २००५ या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा होता. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलची गोळी द्यायची, आणि द्यायची कोणी, तर उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे जगाला जे कळलं ते कळवणाऱ्यांत तुमच्या-माझ्या गावच्या नर्सबाई होत्या. त्यांना कळत नाही असं म्हणू नका. त्यांना सांगितलेलं नसतं, असं म्हणा. आणि सांगायचं काम आपलं.

माझ्यावर गुदरलं ते सांगते, मग पटेल. सदतिसावा आठवडा. डोकं दुखायला लागलं. तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो तर रक्तदाब १६०/११०. गरोदरपणात असं झालं की झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, पहिला डोस देऊन बाईला पुढं पाठवायचं हे नर्सबाईंना शिकवलेलंच असतं. ते बरोबरच आहे, त्या इंजेक्शननं असंख्य बायका वाचल्यात. पण मॅग्नेशियम नसेच्या टोकाकडून निघणारा निरोप अडवतं, आणि माझ्याकडं तो आधीच अर्धामुर्धा पोचतो. बाकीच्यांना जीवदान देणारी सुई माझा श्वास थांबवू शकते.

सिस्टरनी सिरिंज भरली होती. मला जिभेवर जडपणा येऊन धड बोलता येत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदींचं कार्ड) पुढं केलं. त्याच्या पाठीवर त्यानं सहाव्या महिन्यातच लाल पेनानं लिहून ठेवलं होतं. वर कन्नडमध्ये, ‘मॅग्नेशियम कोडबेडी’. खाली मराठीत, ‘मॅग्नेशियम देऊ नका’. त्याखाली आजाराचं नाव, डॉक्टरांचा फोन, आणि ‘जेंटामायसिन पण नको’ (हे एक अँटिबायोटिक). सिस्टर विजापूरकडच्या, मराठी त्यांना जेमतेम. त्यांनी कन्नड ओळ वाचली, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि फोन लावला. पलीकडून दुसरं औषध सांगितलं, ते दिलं, १०८ बोलावली. पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडं किती काचा फुटल्यात ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी माझी एकच पाटी दोन्ही भाषांत होती म्हणून हे लिहायला मी आहे.

आणि बाळंतपणाच्या दिवसापेक्षा मला भीती वाटते ती त्यानंतरच्या दिवसांची. गरोदरपणात मायस्थेनियाचं ढोबळमानानं असं दिसतं : एक तृतीयांश बायकांचा आजार बरा राहतो, एक तृतीयांशांचा आहे तसाच, एक तृतीयांशांचा वाढतो. वाढतो तो जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत, आणि बाळंत झाल्यावर. नेमका तेव्हाच आपल्याकडं बाळंतिणीला माहेरी कोंडतात.

माझं माहेर चंदगड तालुक्यात. आईनं जीव ओतून बाळंतपण केलं. खोलीची खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, कढत पाण्यानं अंघोळ, पोटाला घट्ट पट्टा. हिरड्या लाल होईपर्यंत अळीव, आणि डिंकाचे लाडू. उष्णतेनं माझे स्नायू वितळल्यासारखे ढिले पडतात. अंघोळीवरून उठताना आईचा हात धरावा लागायचा. लाडू अर्धा खाल्ला की जबडा थांबायचा, उरलेला मी जिभेनं विरघळवत बसायची. आई म्हणायची, “चाव की, दात हायत न्हवं?” डावी पापणी तर दुपारी तीनलाच उतरायची. सगळे बाळाकडं बघत होते, ती रात्री जागवते म्हणून डोळा मिटतोय असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

डॉक्टरांनी मला एक सवय लावली होती. छाती भरून श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायचे. माझे पस्तीस व्हायचे. एकविसाव्या दिवशी संध्याकाळी, बाळ झोपल्यावर, मोजले तर चौदाला आवाज संपला. परत मोजले, तेरा. आई दारात उभी राहून म्हणाली, “पाडे म्हणतीस काय गं?” त्या रात्रीच बेळगाव. आयसीयू, प्लाझ्मा बदलणं, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मुलगी आईच्या मांडीवर वाटी-चमच्यानं दूध प्यायला शिकली.

हेही मी लेखात लिहिलं नव्हतं. त्यात आईला दोष लागेल असं वाटलं. पण आईला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या वहिनींना मायस्थेनियाच असेल, तर पाळणा हलवायचा की नाही यावर वाद घालण्याआधी घरात हे ठरवा : सातव्या महिन्यात ओटी भरून दुसऱ्या डॉक्टरकडं, दुसऱ्या तालुक्यात त्यांना पाठवायचं नाही. ओटी भरा, जेवणं घाला, पण झोपायला त्या तिथंच, जिथून त्यांचा न्यूरोलॉजिस्ट जवळ. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब, आणि करोनात कोगनोळीच्या सीमा नाक्यावर काय चाललं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. ज्या बाजूला नवजात बाळांचं एनआयसीयू आणि न्यूरोलॉजिस्ट एकाच छताखाली मिळतील ती बाजू निवडा. राज्य कुठलं ते बघू नका. गोळ्यांचं आधीच विचारा. पायरिडोस्टिग्मिन आणि स्टेरॉइड चालतं, अंगावर पाजायलाही चालतं. पण मायकोफेनोलेट किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर बाळाला व्यंग येऊ शकतं, ते दिवस राहण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं. आणि स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही, हे सासूबाईंना दोनदा सांगा.

त्यांचा आजार अजून आटोक्यात नसेल, पायऱ्या चढताना धाप लागत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर मीही म्हणेन, वर्षभर थांबा. तिथं मी तुमच्या बाजूची.

एक गोष्ट मात्र बोचली. तुमच्या प्रतिक्रियेत सासू बोलते, भाऊ बोलतो, शेजारची मावशी बोलते, तुम्ही बोलता. वहिनी कुठं बोलत नाहीत, त्या फक्त हट्ट करतात. माझ्या घरीही असंच होतं. सात जणांनी माझ्या पोटाबद्दल मत दिलं, त्यात ज्याला आजाराचं नाव नीट उच्चारता येत होतं असा एकच, माझा नवरा. तोही सुरुवातीला नकोच म्हणत होता. मग माझ्याबरोबर तपासणीला आला, डॉक्टरांना वहीत लिहून आणलेले प्रश्न विचारले, आणि येताना बसमध्ये म्हणाला, “तू ठरव, मी कार्डावर लिहितो.”

मूळ लेखात आज रात्री व्हॅक्यूम, एनआयसीयूचे अकरा दिवस आणि एकविसावी संध्याकाळ घालते. तोवर वहिनींच्या फाइलीवर आजाराचं नेमकं नाव काय लिहिलंय ते बघा. आणि त्यांना समोर बसवून एका श्वासात आकडे मोजायला सांगा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन्ही आकडे त्यांनाच इथं लिहू द्या. विसाच्या खाली आले, तर मला लिहीत बसू नका, तसंच उठून दवाखान्यात जा.