नवी लिथियम बॅटरी तीनदा उतरवायची कशासाठी?

मुळशी-पानशेतकडे फार्महाउस असलेल्या पुणेकरांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: 'सोलरला नवी लिथियम बॅटरी लावताय? आधी सलग २४ तास चार्ज करा, मग लाइट जाईपर्यंत पूर्ण उतरवा. असं तीनदा केलं की मेमरी बसते. सेटिंग ट्युब्युलरचंच (लेड-अॅसिड बॅटरीचंच) चालतं. घर बंद करून जाताना बॅटरी फुल ठेवा.'

मेमरीची, म्हणजे अर्धवट वापरली की बॅटरी तेवढंच लक्षात ठेवते ही भानगड निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातली. सोलरला हल्ली बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट येते. तिच्या सेलचं पहिलं चार्जिंग कारखान्यातच उरकलेलं असतं. घरी आणून बसवायचं असं काही उरत नाही.

२४ तासांचं म्हणाल, तर ग्रिड नसलेल्या घरी २४ तास ऊन कुठून आणायचं? पण पहिलं चार्जिंग पूर्ण व्हायला हवं, एवढं त्यात खरं आहे. कारण वेगळं. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत चार सेल असतात आणि नवेपणी ते थोडे वरखाली असू शकतात. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या पुढे पळाला की बाकीचे भरायच्या आधीच बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. त्याचं बॅलन्सिंग, म्हणजे सेल एका पातळीला आणणं, साधारण ३.४ व्होल्टच्या वरच चालतं, तेही अगदी सावकाश. म्हणून पहिल्या खेपेला १४ व्होल्टच्या आसपास, कमी अँपिअरवर काही तास धरून ठेवा. घड्याळ बघू नका, बॅटरीच्या अॅपमध्ये चारही सेलचे आकडे बघा. दोन बॅटऱ्या पॅरलल करायच्या असतील तर आधी दोन्ही वेगवेगळ्या फुल करा. मीटरवर दोन्हीकडे १३.२ दिसलं तरी एक निम्मी आणि दुसरी बरीच जास्त भरलेली असू शकते.

पूर्ण उतरवायचा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा. बॅटरी तळाला गेली की बीएमएस लाइन तोडतो. आता गंमत अशी, की बरेच एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बॅटरीच्याच व्होल्टेजवर जागे होतात. म्हणजे सकाळी पॅनलवर ऊन आहे, पण कंट्रोलर मेलेला, आणि जवळपास दुसरा चार्जर नाही. मुळशीच्या जुलैत तर उन्हाचीही खात्री नाही. तोवर बीएमएसचं स्वतःचं बारीक खाणं सुरूच असतं, सेल आणखी खाली जातो. हे तीनदा करायचं म्हणे!

ट्युब्युलरच्या सेटिंगमध्ये इक्वलायझेशन (सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जास्तीचं चार्जिंग) चालू असेल तर व्होल्टेज १५ च्या वर जातं. फॉस्फेटची कमाल मर्यादा १४.६. चार्जिंग १४.२ ते १४.४, फ्लोट (फुल झाल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५ च्या आसपास आणि इक्वलाइज बंद ठेवा; कंपनीच्या कागदावर वेगळं असेल तर ते पाळा. टेंपरेचर कॉम्पेन्सेशन बंद करायचं मात्र हमखास राहून जातं. लेड-अॅसिडसाठी ते थंडीत व्होल्टेज वाढवतं. डिसेंबरच्या पहाटे बॅटरीच्या खोलीत १० अंश असले, तर २५ च्या हिशोबाने साधारण ०.३ ते ०.४ व्होल्ट वर. १४.४ लावलेले असतात, प्रत्यक्षात जातात १४.७-१४.८. मग बीएमएस ट्रिप होतो आणि आपण बॅटरीला नावं ठेवतो.

घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल तर फुल नको, निम्म्याच्या थोडी वर पुरे. आधी पॅनलचं स्विच पाडा, मग इन्व्हर्टर आणि बॅटरीचा ब्रेकर.