‘युक्ती’ हा शब्द मी मागे घेत नाही

‘सागरवेडा’ यांस,

‘ब्लॅकफिश’ हा सीवर्ल्ड या अमेरिकी सागरी करमणूक उद्यानातल्या तिलिकम नावाच्या ओर्कावरचा, म्हणजे ‘किलर व्हेल’वरचा माहितीपट. त्यावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तिचा गोषवारा देतो. चित्रपटाच्या मांडणीला मी ‘युक्ती’ म्हटलं, म्हणजे सीवर्ल्डची वकिली केली. जुनं फुटेज सगळेच माहितीपट वापरतात, त्यात बिघडलं कुठे? चित्रपटामुळे ओर्कांची पैदास थांबली, ते मी दडवलं. मालवणजवळ आखलेल्या सी-वर्ल्ड प्रकल्पाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटी: ‘एसीत बसून फ्रेमा मोजणाऱ्यांना टाकीतल्या जिवाचं दुःख काय कळणार?’

शेवटच्या वाक्याबद्दल आधी. आपण माझ्या लेखाशी असहमत आहात, ठीक. पण मला एसीत बसवून आपण नेमका कोणता मुद्दा सिद्ध केलात? टोमणाच मारायचा तर निदान नवा मारायचा. फ्रेमा मोजतो हे मात्र खरं. सतरा वर्षं एडिटिंग टेबलवर तेच करतोय, त्यामुळे जोड कुठे आहे हे मला बोट ठेवून दाखवता येतं.

एक चूक कबूल. पकडला तेव्हा तिलिकम तीन वर्षांचा होता असं मी लिहिलं होतं. तो साधारण दोन वर्षांचा होता. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता जुन्या फुटेजकडे येऊ. ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर नाही. प्रश्न आहे कुठलं फुटेज कशाला चिकटवलं हा. पिल्लं पकडण्याचा जो भाग पाहून थिएटरात लोक डोळे पुसतात, तो अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हचा आहे, ऑगस्ट १९७०चा. जाळ्यात मेलेल्या ओर्कांची पोटं फाडून, दगड भरून ते बुडवले, हे तिथे काम केलेला पाणबुडा जॉन क्रो स्वतः सांगतो. तिलिकम पकडला गेला तो नोव्हेंबर १९८३मध्ये, आइसलँडजवळ. मध्ये तेरा वर्षं आणि आख्खा दुसरा महासागर. चित्रपट खोटं बोलत नाही, आइसलँडचं नाव तो घेतो. पण तोवर प्रेक्षकाचा गळा भरून आलेला असतो आणि तो तसाच पुढच्या दृश्यात जातो. अश्रू पेन कोव्हचे, जमा तिलिकमच्या खात्यावर. याला मी युक्ती म्हटलं. खोटेपणा म्हटलं नव्हतं. लेख पुन्हा वाचलात तर दिसेल, पहिल्यांदा वाचला असेल असं गृहीत धरतो.

हे टेबलवर कसं होतं तेही सांगतो. मुलाखतीचा आवाज टाइमलाइनवर आधी टाकतात आणि चित्र त्याच्यावर बसवतात. बोलणाऱ्याचा चेहरा दोन वाक्यांपुरता दाखवायचा आणि आवाज तसाच चालू ठेवून खाली जुनी फिल्म सुरू करायची. मुलाखतीतली लांबची दोन वाक्यं जोडली असतील तर चेहरा टिचकन हलतो. तो झटका दिसू नये म्हणून नेमका त्याच जागी कटअवे, म्हणजे चेहरा झाकणारं दुसरंच चित्र, टाकायचा. १६ मिमीच्या जुन्या रिळांना पुष्कळदा आवाजच नसतो, मग पाणी, होड्या, ओरडणं हे सगळं स्वतंत्र ट्रॅकवर भरावं लागतं. पुढच्या दृश्याचा आवाज आदल्या चित्रावर अर्धा-पाऊण सेकंद आधी सुरू केला की दोन्ही प्रसंग एकच वाटतात. यात पाप नाही, माहितीपट असेच बनतात. डाव फसतो तो प्राण्याची ओळख पटली की. ओर्का पाठीवरच्या पराने आणि परामागच्या राखाडी डागाने ओळखतात. मोठ्या झालेल्या तिलिकमचा पर पूर्ण आडवा पडलेला होता. मोठ्या तिलिकमबद्दल ऐकू येत असताना ताठ पराचा ओर्का दिसला तर समजायचं, शॉट उसना आहे.

सीवर्ल्डच्या टकारा या मादी ओर्काचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. टकाराला आईपासून, म्हणजे कसाटकापासून, तोडलं आणि आई दूरवर पोचणाऱ्या हाका देत राहिली, हे माजी प्रशिक्षक जॉन हारग्रोव्ह सांगतो. ‘पिल्लू’ ऐकल्यावर डोळ्यासमोर काय येतं? दूध पिणारं लेकरू. टकाराचा जन्म १९९१चा आणि तिला सॅन दिएगोहून हलवलं २००४मध्ये. ती स्वतः आई झालेली होती. चित्रपटात हा वयाचा आकडा ऐकू येत नाही. आता गंमत बघा, तो सांगितला असता तर चित्रपटाचं काही बिघडलं नसतं. पेन कोव्हच्या त्या किनाऱ्यावरचे मासे खाणारे ओर्का जन्मभर आईच्या कळपात राहतात, मुलगेसुद्धा. ‘बारा-तेरा वर्षांची आणि तरी आईजवळ’ हाच जास्त जोरकस मुद्दा होता. दिग्दर्शिका गॅब्रिएला काउपर्थवेट यांनी तो सोडून सोपा घेतला, आणि ‘बघा, वय लपवलं’ म्हणायची सोय सीवर्ल्डला आयती मिळाली. वकिली कुणाची झाली यात?

उलट कसाटकाचीच २००६ची घटना घ्या. सॅन दिएगोत तिने प्रशिक्षक केन पीटर्स यांचा पाय धरून त्यांना खाली नेलं, वर आणलं, पुन्हा नेलं. पीटर्स शांतपणे श्वास सांभाळत राहतात, तिला थोपटतात. चित्रपटातली माझ्या मते सर्वांत भक्कम मिनिटं हीच. एक जागा, एक दिवस, एक ओर्का, एक माणूस. उसनं काही नाही.

बाकीचे मुद्दे भराभर. पैदास थांबवल्याची घोषणा मार्च २०१६मध्ये झाली. मी दडवली नाही, लेखाचा विषय ती नव्हती. पण श्रेय वाटताना जरा क्रम बघा. तिलिकमने मारलेल्या प्रशिक्षिका डॉन ब्रॅन्शो यांचा मृत्यू फेब्रुवारी २०१०चा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने सीवर्ल्डला दंड ठोठावला त्याच वर्षी, न्यायाधीशांनी तो कमी केला पण नियमभंग कायम ठेवला २०१२मध्ये. चित्रपट लोकांसमोर आला जानेवारी २०१३ला. मालवणच्या तोंडवळी-वायंगणीत लोक भांडत होते ते जमिनीसाठी, तिथे ओर्का ओढून आणू नका. आणि डॉल्फिनच्या खेळांवर आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३मध्येच बंदी घातली.

‘हीच फूटपट्टी निसर्ग वाहिन्यांना लावाल का?’ असंही आपण विचारलंत. लावली आहे. बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मध्ये ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं बर्फातल्या गुहेत दाखवली, ती नेदरलँड्सच्या प्राणिसंग्रहालयातली होती, २०११ची गोष्ट. त्यावर मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. जुन्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया अजून आहे.

ओर्का टाकीत ठेवू नयेत, हे माझंही मत आहे, आणि ते लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात होतं. पटत नसेल तर एक करा. चित्रपट ८३ मिनिटांचा आहे, पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. कागदावर चार रकाने आखा: कुठला प्राणी, कुठली जागा, कुठलं साल, हे मला कशावरून कळलं. मग आवाज लावून पुन्हा बघा आणि जिथे चौथा रकाना ‘बोलणाऱ्याच्या आवाजावरून’ एवढ्यानेच भरतो तिथे खूण करा. एक संध्याकाळ जाईल. टकाराच्या ओळीत तुम्हाला वयाचा आकडा सापडला तर कळवा, तिलिकमच्या वयासारखी तीही दुरुस्ती तुमच्या नावानिशी करीन. एसी चालू ठेवून बघितलंत तरी चालेल.