‘बायॉप्सी नको, लेप लावा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘सुईसुद्धा लावू देऊ नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. असल्या मेसेजना उत्तरं देत बसायला मला वेळ नसतो. पण हा मामांपर्यंत पोहोचला. मामांच्या टाचेवर कित्येक वर्षांपासून एक खडबडीत वाढ आहे. आधी भोवरी म्हणून खरवडली, मग चामखीळ म्हणून जाळून घेतली, आणि ती दरवेळी परत आली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी बायॉप्सी, म्हणजे वाढीचा तुकडा काढून तपासणी, करायला सांगितली. मेसेज वाचून मामांनी अपॉइंटमेंट रद्द केली आणि मला फोनवर म्हणाले, “अगं, उगाच डिवचायचं कशाला? लेप मागवलाय.”

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे जरा चिडूनच लिहितेय.

मेसेज व्हेरूकस कार्सिनोमाबद्दल आहे. हा चामखिळीसारखा दिसणारा, क्वचित आढळणारा कॅन्सर. मेसेजचं म्हणणं असं: हा पसरत नाही, म्हणून तो खरा कॅन्सरच नाही. बायॉप्सी केली की तो चवताळतो आणि पसरतो. बायॉप्सीत एकदा काही निघालं नाही की विषय संपला. काळा लेप लावला की फक्त कॅन्सरच्या पेशी मुळासकट गळून पडतात, आणि हे म्हणे एका अमेरिकन सर्जनने सिद्ध केलंय. रेडिएशन घेतलं तर साधा कॅन्सर भयंकर होतो. आणि मुळात हा व्हायरसचा आजार, लस घेतली की बरा.

पहिले दोन मुद्दे एकत्रच घेते, कारण ते एकमेकांना खोटं पाडतात. पहिल्या ओळीत हा पसरत नाही आणि दुसऱ्या ओळीत सुई लावली की पसरतो! लिहिणाऱ्याने निदान स्वतःचा मेसेज तरी पुन्हा वाचायचा. खरं काय ते सांगते. लॉरेन अ‍ॅकरमन या पॅथॉलॉजिस्टने १९४८ साली तोंडातल्या अशा गाठींचं वर्णन केलं, तेव्हापासून हे माहीत आहे की शुद्ध स्वरूपातला हा कॅन्सर लांबच्या अवयवांत जवळजवळ कधीच जात नाही. जवळच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या असल्या तरी ती सूज बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची किंवा दाहाची असते. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण लांब जात नाही म्हणजे काही करत नाही असं नव्हे. तो जिथे आहे तिथेच खोल जातो. गालातून जबड्याच्या हाडात, तळपायातून पावलाच्या हाडात, स्वरयंत्रात असेल तर कूर्चेत. हळू जातो, पण थांबत नाही. आणि बायॉप्सीने तो पसरतो याला कसलाही आधार नाही. आतल्या काही अवयवांच्या गाठींत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची क्वचित उदाहरणं आहेत, ती वेगळ्या गाठींची. मेसेजवाल्यांनी ती उचलून इथे चिकटवली आहेत.

आता तिसरा मुद्दा, ‘रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणजे काही नाही’. बाकीच्या आजारांत हे वाक्य कदाचित चालून जाईल. या आजारात हेच वाक्य माणसाची वर्षं खातं.

कारण समजून घ्या. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये पेशीच वेड्यावाकड्या दिसतात. केंद्रकं मोठी, काळपट, आकार बिघडलेले. व्हेरूकस कार्सिनोमाच्या पेशी मात्र एकेक करून पाहिल्या तर सभ्य दिसतात. वर केराटिनचे, म्हणजे नखांत असतं तसल्या कडक प्रथिनाचे, जाड थर, खाली जाडावलेली त्वचा, बस्स. वरवरून टवका काढून पाठवला तर चांगला पॅथॉलॉजिस्टसुद्धा ‘कॅन्सर दिसत नाही, त्वचा जाडावली आहे’ असंच लिहील, आणि त्या टवक्यापुरतं ते खरंच असेल. ही गाठ ओळखायची ती तळाशी. तिथे त्वचेचे रुंद, गोलसर, फुगीर कोंब एका रांगेत खालच्या उतींना ढकलत असतात. बारीक फाटे फोडून घुसत नाहीत, सगळी आघाडी मिळून पुढे रेटते. तो तळ तुकड्यात आला नाही तर निदान होऊच शकत नाही. म्हणून या गाठीची बायॉप्सी खोल हवी, पूर्ण जाडीची हवी आणि कडेची थोडी निरोगी त्वचाही त्यात हवी, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

आमच्या बाजूनेही गोंधळ होतात, ते लपवत नाही. सोबतच्या फॉर्मवर ‘वार्ट?’, म्हणजे ‘चामखीळ?’, एवढंच लिहून येतं. किती वर्षांची, किती मोठी, कितीदा परत आली, काही नाही. तुकडा मेणात आडवा पडला तर काप तिरके निघतात आणि खोली कळतच नाही. पहिला रिपोर्ट साधा आला आणि डोळ्यांना दिसणारी गाठ मात्र वाढतेच आहे, तर सर्जनने पॅथॉलॉजिस्टला फोन करायचा आणि पुन्हा, अधिक खोल तुकडा पाठवायचा. या आजारात दोन-तीन बायॉप्स्या लागणं नवलाचं नाही. तळपायावर तर ही गाठ वर्षानुवर्षं चामखीळ म्हणून जाळली जाते आणि तिच्यातल्या छिद्रांतून घाण वासाचा घट्ट पांढरट मळ यायला लागतो, तेव्हा कुणाला तरी शंका येते.

आणखी एक, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. १९८४ साली मेदिना, डिख्टेल आणि लूना यांनी तोंडातल्या अशा १०४ गाठी पुन्हा तपासल्या. त्यातल्या २० गाठींमध्ये व्हेरूकस कार्सिनोमाच्या आतच नेहमीच्या, घुसणाऱ्या स्क्वेमस सेल कार्सिनोमाची (त्वचेच्या आणि तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींच्या कॅन्सरची) बेटं सापडली. पाचातली एक. अशी मिश्र गाठ नेहमीच्या स्क्वेमस कॅन्सरसारखीच हाताळावी लागते. ती शुद्ध आहे की मिश्र, हे बाहेरून बघून कळत नाही. पुष्कळदा तर छोट्या बायॉप्सीतही कळत नाही, पूर्ण काढलेली गाठ थरांथरांनी तपासली की कळतं. ‘हा खरा कॅन्सर नाही’ म्हणणाऱ्याने ते कशावर ठरवलं? फोटोवर?

आता लेप. माझा सगळ्यात जास्त संताप यावर आहे.

अशा काळ्या लेपांत सहसा झिंक क्लोराइड असतं आणि ब्लडरूट नावाच्या उत्तर अमेरिकेतल्या वनस्पतीचा अर्क असतो. झिंक क्लोराइड दाहक आहे. ते मांस मारतं. निरोगी आणि रोगी असा भेद त्याला करता येत नाही, जिथे लागेल तिथे जाळतं. काही दिवसांनी काळी खपली सुटते आणि तिचाच फोटो ‘मुळासकट निघालेला कॅन्सर’ म्हणून फिरतो. ती तुमच्याच मेलेल्या मांसाची खपली असते. खाली गाठ शिल्लक आहे की नाही हे खपलीवरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि वर सांगितलं तेच पुन्हा, या गाठीचा सगळा कारभार तळाशी चालतो. लेप वरचं जाळतो, तळ ठेवतो. वारुळाचा वरचा ढीग पाडून आतल्या मुंग्या गेल्या म्हणण्यासारखं आहे हे. वर जखम भरून येते, व्रण दिसायला लागतो, माणूस खूश होतो आणि खाली गाठ वाढत राहते. पुढे कुणी बायॉप्सी केलीच तर जळलेल्या, व्रण पडलेल्या मांसात काय मूळचं आणि काय लेपाने झालेलं हे उकलताना आमचे डोळे फुटतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, असल्या लेपांची गणना बनावट कॅन्सर उपचारांत केली आहे.

‘पण अमेरिकन सर्जनने सिद्ध केलंय!’ हो, तो सर्जन खरा आहे. फ्रेडरिक मोज, विस्कॉन्सिन विद्यापीठ. १९३६ पासून त्यांनी त्वचेच्या कॅन्सरवर झिंक क्लोराइडचा लेप वापरला, १९४१ साली त्यावर लेख लिहिला, आणि त्या लेपात ब्लडरूटही होतं. एवढं सगळं मान्य. मात्र लेप कशासाठी होता, हे मेसेजने गिळलंय. झिंक क्लोराइडने ऊती मरते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना जशीच्या तशी टिकते, हे मोज यांच्या लक्षात आलं होतं. आम्ही तुकडे कुजू नयेत, रचना टिकावी म्हणून फॉर्मालिनच्या द्रावणात टाकतो, ते काम त्यांनी अंगावरच करून घेतलं. लेपाने पक्का झालेला थर ते स्वतः सुरीने कापून काढायचे, सगळीकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, कॅन्सर कुठे उरलाय त्याचा नकाशा काढायचे आणि फक्त तिथेच पुढचा थर घ्यायचे. बरं करत होती ती सुरी आणि सूक्ष्मदर्शक. पुढे १९७० च्या दशकात लेपाशिवाय, बधिर करून ताजा थर कापण्याची पद्धत रूढ झाली आणि लेप मागे पडला. आज ‘मोज सर्जरी’ म्हणतात ती हीच. तळपायावरच्या व्हेरूकस कार्सिनोमासाठी ती उत्तम पर्याय मानली जाते, कारण गाठ पूर्ण निघते आणि पाऊल जास्तीत जास्त वाचतं. म्हणजे ज्या माणसाचं नाव घेऊन सुरी टाळायला सांगताय, त्याची सगळी कमाईच सुरी आणि स्लाइड आहे.

रेडिएशनच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. नाइलाजाने कबूल करते. १९६० च्या दशकात असे रुग्ण नोंदवले गेले ज्यांची गाठ रेडिएशननंतर आक्रमक झाली, आणि ‘व्हेरूकस कार्सिनोमाला रेडिएशन नको’ हे बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. पुढे त्या निष्कर्षावर बरेच आक्षेप आले. वरचे १०४ पैकी २० आठवा. गाठ आधीपासूनच मिश्र असेल आणि लहान बायॉप्सीत ते दिसलंच नसेल, तर नंतर उफाळलेला कॅन्सर रेडिएशनने ‘बनवला’ असं कसं म्हणायचं? आज पहिली पसंती शस्त्रक्रियेलाच आहे, कडा स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर दिसेनासा होईपर्यंत. शस्त्रक्रिया झेपणार नसेल किंवा तिने फार मोठं नुकसान होणार असेल, तर रेडिएशनचा विचार होतो आणि गाठीवरचा ताबा त्याने सहसा कमी मिळतो. ते कुणी सुचवलं म्हणजे फसवणूक, ही भर मेसेजवाल्याची.

व्हायरस आणि लस, पटकन. जननेंद्रियांजवळच्या मोठ्या गाठींत एचपीव्ही या चामखिळीच्या व्हायरसचे ६ आणि ११ हे प्रकार सापडतात. तोंडातल्या गाठींत व्हायरसचा वाटा वादग्रस्त आहे, तिथे चघळायची तंबाखू हे जुनं आणि भक्कम कारण आहे. लस संसर्ग होण्याआधी उपयोगाची. उगवलेली गाठ ती विरघळवत नाही.

या कॅन्सरमध्ये वेळेवर आणि पूर्ण कापलं तर बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं, मान किंवा जांघेतल्या ग्रंथी काढायचीही सहसा गरज पडत नाही. उशीर झाला की तीच शस्त्रक्रिया हाडापर्यंत जाते. काढल्यानंतरही तपासणीला जात राहायचं, कारण कडेला उरलेला अंश पुन्हा वाढतो.

आणि ज्यांच्या हातात ‘कॅन्सर दिसत नाही’ असा जुना रिपोर्ट आहे पण गाठ अजून तिथेच आहे, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. लॅब तुमचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवते. ब्लॉक आणि स्लाइड मागता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. मागायला जाताना गाठीचा फोटो, ती किती वर्षांची आहे आणि त्यावर आजवर काय काय लावलं याची यादी सोबत न्या. लेप लावला असेल तर तोही लिहा, लाजू नका.