जाडीने स्मरणशक्ती राखली जात नाही

शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून मुलुंडच्या सोसायट्यांपर्यंत व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: "बीपीवाल्यांनो, वजन कमी करू नका. जाड माणसांना डिमेन्शिया (स्मरण-विचारशक्ती ढासळण्याचा आजार) होत नाही, हे सिद्ध झालंय. उलट बीपीच्या गोळ्यांनी मेंदूला रक्त कमी पडतं." आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी तो वाचून गोळी बंद केली, म्हणून हे लिहितोय.

"सिद्ध झालंय" याला एक आधार आहे. २०१५ साली ब्रिटनमधल्या जवळपास २० लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लठ्ठ लोकांत डिमेन्शिया कमी आढळला होता. पण हा आजार ओळखू येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस वाळायला लागतो. भूक मंदावते, जेवणाची वेळ चुकते. लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांवर २८ वर्षं नजर ठेवली, तेव्हा हेच दिसलं: पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त होता, आणि रुग्णांचं वजन निदानाच्या सुमारे ८ वर्षं आधीपासून उतरत होतं. म्हणजे तो बारीकपणा आजारानेच आणलेला. म्हातारपणी वजनकाट्यावर उभं करून मोजलं, तर जाड माणूस सुरक्षित वाटणारच.

बीपी असेल तर पोटाची चरबी जास्तच नडते. ती बीपी चढवते, आणि चढलेलं बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत पोट कमी करणं फायद्याचंच आहे. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०च्या.

"वजन कमी करू नका" हे फक्त थकलेल्या, सत्तरीपुढच्या माणसांच्या बाबतीत थोडंफार बरोबर. त्यांनी उपास करून स्नायू झिजवू नयेत. आणि काही न करता कपडे सैल व्हायला लागले, तर डॉक्टरांना दाखवावं.

गोळ्यांबद्दलचं वाक्य मात्र सरळ खोटं आहे, आणि सगळ्यात घातक तेच. अमेरिकेत ९,३६१ बीपीच्या रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांचं वरचं बीपी १२०च्या खाली आणायचं ठरवलं, त्यांच्यात स्मरण-विचारशक्तीची सौम्य घसरण १४०चं लक्ष्य असलेल्यांपेक्षा १९ टक्के कमी निघाली. चीनच्या ३२६ गावांपैकी निम्म्या गावांत ४ वर्षं नेटाने बीपी आटोक्यात ठेवलं, तिथे बाकीच्या गावांपेक्षा डिमेन्शियाच १५ टक्के कमी झाला. गोळीने उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टर डोस बदलून देतात. आपल्या मनाने ती सोडू नका. मोजायला पैसे नसतील तर पालिकेच्या दवाखान्यात जा, पण बीपी मोजा.