आदत गिऱ्हाईक

जुनी पिकअप घ्यायला जाताना सोबत मेकॅनिक न्यावा, असं सगळेच सांगतात. तिथल्या बाकड्यावर कोण बसलंय ते आधी बघावं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझी डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. भाड्याच्या टेम्पोवाल्यांची 'निघालोच'ची थाप ऐकून कान किटले, म्हणून परवा दहिवडी रस्त्याच्या एका जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. २०१६ चं मॉडेल, फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद'. एजंट म्हणाला, "शेठ, एका हाताची गाडी. फक्त भाजीपाल्याला चाललीय." परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला, तर मालक तिसरा, पासिंग संपलेलं आणि फायनान्सचा बोजा तसाच. "तिसरा म्हणजे भावाभावांतच फिरली शेठ, घरचाच हात." मीटरवर बासष्ट हजार. रोज शंभर किलोमीटर धरले तरी वर्षाला तीस हजारांच्या वर होतात. मग एवढी वर्षं भाजीपाला काय पायी मंडईत जात होता? क्लचच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकत होतं.

बॉनेटला हात लावला, तर सकाळी सकाळी गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली. गार इंजिन किती कुरकुरतं आणि पहिला धूर कसला सोडतं, ते गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. मी म्हटलं, गार होऊ दे, थांबतो. त्या थांबण्यात आप्पा भेटले.

आप्पांना गाडी घ्यायची नव्हती, विकायची नव्हती. एसटी चुकली म्हणून ते बाकड्यावर बसले होते. धोतर, पटका, खांद्यावर उपरणं. सारी हयात बैलांची दलाली केलेला माणूस, खरसुंडीच्या यात्रेत म्हणे त्यांच्याशिवाय खिल्लाराचा सौदा मिटत नसे.

"पाव्हणं, जनावर बगताय व्हय?"

"गाडी आहे, आप्पा."

"त्येच की. वझं वडतंय ते जनावरच."

ते उठले, गाडीच्या पुढून न बघता मागे गेले आणि दहा पावलांवर डोळे बारीक करून उभे राहिले. "फुडनं कुणीबी बगतंय. बैल मागनं बगायचा." मग निकाल आला, "कंबर वाकडी हाय." मेकॅनिक खाली घुसला. डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसलेले, एक जादा पाटा घातलेला, आणि चासीवर वेल्डिंगचा ताजा टाका, वरून काळा रंग.

"आता दात दावा."

दात म्हणजे टायर. एजंट म्हणाला, नवेकोरे टाकलेत. चकाकत होते खरे, पण पॉलिशनं. "टायरावर जल्माची तारीक आसती म्हनं, नातू सांगत हुता. पाव्हणं, वाचा की." मी गुडघे टेकून, धुळीत गाल लावून वाचलं, १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. तोवर गर्दी जमली होती. मी खाली असतानाच आप्पांनी तिला शिकवणी सुरू केली. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सहा आले की सहादाती, सगळे आले की जुळला. "आन् ह्यो जुळल्याला बैल चौसा म्हनून इकतूय." गर्दी हसली. एजंटही हसला, हे मला जास्त लागलं.

इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढलं, तर आतून धुराचे भपकारे. पिस्टनच्या रिंगा गेल्या की असं होतं. आप्पा म्हणाले, "धाप लागलीया." माझा मेकॅनिक म्हणाला, "आप्पा म्हणतात ते बरोबर आहे." या एका वाक्याचे त्याने माझ्याकडून पाचशे रुपये घेतले.

पुढे तर कहर झाला. आप्पांनी एजंटचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि दोघांची आत बोटं दाबादाबी सुरू झाली. गाडी घेणार मी, पैसे माझे, आणि भाव उपरण्याखाली! शेवटी एजंटनं मान हलवून विचारलं, "मग, जमंल ह्यांना?"

आप्पांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत बघितलं. "जनावर म्हातारं हाय. पर गिऱ्हाईक आदत हाय. जोडी जमायची न्हाय."

सगळ्यांत मोठ्यानं माझा मेकॅनिक हसला.

हसा. पण तीन-साडेतीन लाख म्हणजे माझी दोन हंगामांची कमाई. ॲप सांगतं विमा किती तारखेपर्यंत, चलन किती थकलंय. इंजिन कितीदा खोललं, गाडी कुठे उलटली होती, मीटर कुणी मागे फिरवला, यातलं काही नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग, पण ते झालं तरी त्या दिवशी ब्रेक लागले आणि दिवे पेटले एवढंच कळतं. बैल घेतला तर निदान औताला जुंपून चालवून बघता येतो. इथे ट्रायल म्हणजे पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत, तीही रिकाम्या हौद्याने, शेजारी एजंट आणि इंजिनाचा आवाज येऊ नये म्हणून मोठ्यानं लावलेली गाणी. मी म्हटलं, चाळीस गोणी खत भरून घाटात नेतो. तर हा म्हणतो, "शेठ, एवढा अविश्वास बरा नव्हं." मला!

गाडी घेतली नाही. आप्पांची तोवर दुसरीही एसटी गेली होती, म्हणून त्यांना स्कूटरवर स्टँडला सोडलं. वाटेत विचारलं, "आप्पा, भाव किती ठरला होता हो?"

"ते उपरन्यातलं उपरन्यात."

स्टँडवर उतरल्यावर स्कूटरच्या मागे जाऊन त्यांनी डोळे बारीक केले. "ही इकायची झाली तर सांगा. हिची कंबर नीट हाय."